आक्काच्या नावानं लिहिताना

उचगावात मी ज्या घरात भाड्यानं राहते, तिथल्या मालकीणबाईंना माझं काम काय ते अजून पटलेलं नाही. पहिल्या महिन्यात त्या गच्चीवर पापड वाळत घालायच्या निमित्तानं आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "दिसभर दार लावून काय करतीस गं?"

"लिहिते, काकू."

"लिवून पैसं मिळत्यात?"

"मिळतात."

"कोण देतंय?"

ते मला एका वाक्यात सांगता येईना. मी बोटांवर मोजायला लागले, तशा त्या म्हणाल्या, "मोबाईलमदनं येत्यात म्हंजे काय लफडं न्हाय न्हवं? आधीच सांग. आमचा जावई पोलिसात हाय."

लफडं नव्हतं. माझी शाळा नववीत सुटली. गोंदियाकडच्या आमच्या गावातून पोरींच्या एका तुकडीबरोबर मी इकडे कपडे शिवायच्या कारखान्यात आले. तिथलं काम बंद पडलं तेव्हा बाकीच्या पोरी रेल्वेत बसून परत गेल्या आणि मी राहिले. का राहिले, तर होस्टेलात असताना मोबाईलवर मी एक ब्लॉग सुरू केला होता. आमच्याकडचे तांदूळ, तळ्यातले मासे, मोहाची फुलं, असलं काहीबाही. त्यावर जाहिराती लागून पहिल्यांदाच खात्यात काही जमा झालं होतं. परत गेले असते तर ते संपलं असतं. आमच्या गावात रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की.

तेव्हापासून असंच चाललंय. गूळ विकणाऱ्या एकाच्या पाकिटांवरचा मजकूर मी लिहिते. चपलांच्या एका दुकानाचं ऑनलाइन पान सांभाळते. लोकांच्या व्हिडिओखाली जी अक्षरं पळतात ती टाइप करते. एका कंपनीसाठी वाक्यं वाचून रेकॉर्ड करते: "दिवा लाव", "जवळचा दवाखाना दाखव". ती कंपनी कुठे आहे मला माहीत नाही. कुठलंसं यंत्र माझ्या आवाजातून मराठी शिकतंय एवढंच कळलंय. यातलं एकही काम उद्या असेलच असं नाही. म्हणून मी रोज सगळ्या कामांना मनातल्या मनात एकदा हात लावून बघते, गोठ्यातली जनावरं जागेवर आहेत का बघावीत तशी. आणि ज्यानं कुणी काम दिलं, त्याचे मनोमन आभार मानते. नववीतून सुटलेल्या पोरीकडून कोण लिहून घेतं?

या सगळ्यात माझ्या नावाचं फार थोडं असतं. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. आक्काचं काम आलं आणि वाटायला लागलं.

फेसबुकवर मी 'मराठीत लिहून मिळेल' अशी जाहिरात टाकली होती. ती वाचून राजारामपुरीतून एका गृहस्थांचा फोन आला. इलेक्ट्रिक सामानाचं दुकान होतं त्यांचं, वर कसलासा क्लास. मी गेले तेव्हा ते गिऱ्हाइकाला होल्डर दाखवत होते.

"या मॅडम, बसा. आमच्या आईचा ब्लॉग हाय. रेसिपीचा. लई लोक वाचत्यात. तो चालू ठेवायचाय."

"आईंना वेळ मिळत नाही का?"

त्यांनी गिऱ्हाइकाच्या हातात पिशवी दिली आणि तो पायऱ्या उतरेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "आई वारली."

पुढचं त्यांनी वायरचं एक भेंडोळं गुंडाळत सांगितलं. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर ब्लॉग लिहायला लागल्या. त्यांचं माहेर कुरुंदवाड, धाकटी बहीण तिथंच दिलेली. त्या मावशीला ऐकू येत नाही, त्यामुळे फोनवर बोलणं नाही. दोघी बहिणी लिहूनच बोलायच्या, ब्लॉगखालच्या कमेंटमध्ये, सगळ्यांच्या देखत. आई गेल्या त्याच आठवड्यात मावशीच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं.

"डॉक्टर म्हणाले, एवढ्यात सांगू नका. आम्ही म्हणलं, बरं. मग एवढ्यात, एवढ्यात करत ऱ्हाऊन गेलं बघा. आता सांगायचं कसं? म्हणून आई दुबईला ताईकडं गेलीया म्हणून सांगितलंय. तिकडं व्हॉट्सअपचा व्हिडिओ कॉल लागत न्हाय, ते एक बरं झालं."

"म्हणजे मी त्यांच्या नावानं..."

"व्हय. मावशीला उत्तरं देत जावा. रेसिप्या टाकत जावा. जाहिरातीचं जे येतंय त्यातलंच तुमचं."

त्यांनी ड्रॉवरमधून आईंचा फोन काढून माझ्यापुढे ठेवला. ब्लॉग उघडायचा कोड त्याच नंबरवर यायचा, त्यामुळे फोन माझ्याकडेच राहणार होता. कव्हरच्या कडेला हळदीचा डाग होता. बोलायच्या छिद्रात कणीक वाळून बसली होती. ती मी टाचणीनं काढली, आणि काढल्यावर ती कुठे टाकावी ते कळेना.

त्या फोनवर पहिल्यांदा टाइप करायला बसले ती दुपारची वेळ होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मावशीची कमेंट आली होती: "आक्का जेवलीस?" मी लिहिलं, "मी". एवढं लिहिताच कीबोर्डानं वर तीन शब्द पुढे केले. कीबोर्ड आपले नेहमीचे शब्द लक्षात ठेवतो आणि पुढचा शब्द सुचवतो, हे मला माहीत होतं; माझा फोनही तेच करतो. तरी माझं बोट थांबलं. वर लिहून आलं होतं, "जेवलो". कोल्हापूरकडच्या बायका स्वतःला असंच म्हणतात, मी जेवलो, मी जातो. मी त्या शब्दावर बोट ठेवलं. पुढे आलं, "गं". मग आलं, "तू". मग आलं, "गोळी". मग आलं, "घेतलीस".

मी एक अक्षर टाइप केलं नव्हतं आणि वाक्य पूर्ण झालं होतं: "मी जेवलो गं तू गोळी घेतलीस". मी फक्त प्रश्नचिन्ह दिलं.

लगेच मावशीचं उत्तर आलं: "घेतली की. तुझं आपलं गोळी गोळी."

त्या दुपारी मी फोन खिडकीत ठेवला, दार उघडं टाकलं आणि गच्चीवर जाऊन मालकीणबाईंचे पापड उलटत बसले.

हळूहळू सवय झाली. सवय झाली हेच जास्त भीतीचं होतं. फोनमध्ये आक्काचे आवाजही होते, सुनेला पाठवलेले छोटे छोटे निरोप. मटण कधी शिजत घालायचं, तांबड्या रश्श्याला मसाला किती भाजायचा. त्यांची बोलायची ढब पकडण्यासाठी मी ते इअरफोन लावून ऐकायचे. ठसठशीत, शाळेत वर्गाला शिस्त लावलेला आवाज. एका निरोपात त्या चटणीचं सांगता सांगता मधेच थांबायच्या आणि म्हणायच्या, "कोण हाय?" मग दार वाजल्यासारखा आवाज, आणि संपलं. तो निरोप मी अनेकदा ऐकला असेल. पण "कोण हाय?" आलं की प्रत्येक वेळी मी वळून माझ्याच दाराकडे बघायचे.

ब्लॉगच्या आत अर्धवट राहिलेले मजकूर होते. "आधी तेल चांगलं तापू द्या, मग" इथं एक थांबला होता. पुढचं मी लिहिलं. लोकांनी लिहिलं, "काकू, तुमच्या हातची चव तुमच्या लिहिण्यात आहे." मी त्यांचे आभार मानले. म्हणजे आक्कानं मानले.

घरी फोन केला की माझी आई म्हणायची, "का झालं जी पोरी, कोणासारखी बोलून राहिली तू?"

"कोणासारखी म्हणजे?"

"हाय, न्हाय करून राहिली. 'मी येतो' म्हणालीस आता. बाई आहेस ना तू?"

मी हसून नेलं. पण मग लक्षात यायला लागलं की भाकरी थापताना मी "हं, आता कशी फुगतीस बघतो" असं काहीतरी पुटपुटते आहे, आणि ते वाक्य मी कुठे ऐकलेलं नाही. निरोपांमध्ये शोधलं. नव्हतं.

मावशीवर मात्र माझा जीव जडला. आई-बापापासून इतक्या लांब राहणाऱ्या माझ्यासारखीला रोज कुणीतरी "जेवलीस?" विचारतंय, मग ते दुसरीला का असेना, ही लहान गोष्ट नव्हती. त्या एका बोटानं लिहायच्या हे कळायचं, कारण शब्दांमधली मोकळी जागा कधी राहायची, कधी नाही. ऑपरेशननंतर त्या कशा चालायला लागल्या, म्हैस कशी लाथ मारते, सून कशी टीव्हीचा आवाज वाढवते, "मला काय त्याचा तरास गं, मला ऐकूच येत न्हाय". मी आक्का होऊन दटवायचे, हसायचे, पथ्य सांगायचे. एकच धाक होता. माझ्या एखाद्या शब्दानं यांना कळलं आणि यांच्या हृदयाला काही झालं तर? प्रत्येक उत्तर पाठवण्याआधी मी ते दोनदा वाचायचे.

आणि चूक माझ्याकडून झाली ती आनंदाच्या भरात.

बाजारात कृष्णाकाठची वांगी आली होती. पांढुरकी, काटेरी देठाची. मी ती पहिल्यांदाच आणली, मालकीणबाईंना विचारून दाण्याच्या कुटात भरली. इतकी चव आमच्याकडच्या वांग्याला नाही. त्याच नादात मी पोस्ट लिहिली. कुरुंदवाडच्या मुलीला कृष्णाकाठची वांगी आवडणारच, यात विचारायचं काय? लिहिलं की लहानपणी आम्ही बहिणी मळ्यातून ओच्यात वांगी घेऊन यायचो, आणि काल इथं दुबईच्या बाजारात दिसली म्हणून इतक्या दिवसांनी केली तर भाकरी किती गेल्या कळलंच नाही.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. 'वांगं' हा शब्द आक्काच्या फोनला माहीत नव्हता. मी "वां" लिहिलं, तर कीबोर्डानं काहीच सुचवलं नाही. इतकं स्वयंपाकाचं लिहिणाऱ्या बाईच्या फोनला दोडका माहीत होता, पावटा माहीत होता, अगदी अंबाडीसुद्धा माहीत होती. मी अक्षर अक्षर जुळवून शब्द लिहिला आणि पुढे गेले.

त्या दिवशी मावशीची कमेंट आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर आली ती एवढीच: "वांगं चांगलं झाल्तं का?"

मी आक्काच्या मुलाला फोन केला. आधी ते हसले. "वांगं? आई कुठली वांगं..." आणि बोलता बोलता त्यांचं हसू थांबलं. "मॅडम, आमचं वडील, बापू, गेल्यावर आई आणि मावशी काशीला गेल्याल्या. तिथं आवडीचं काय तरी सोडायचं असतंय न्हवं? आईनं वांगं सोडल्यालं. तवापास्नं आमच्या घरात वांगं शिजल्यालं न्हाय. मावशी शेजारीच हुती की, सोडताना."

ही रीत आमच्याकडेही आहे. माझ्या आजीनं पेरू सोडला होता. मला माहीत असायला हवं होतं की कुठल्याही घरात काशीचं हे विचारल्याशिवाय खाण्याचं लिहू नये.

"काढून टाका ते, आत्ताच्या आत्ता," ते म्हणाले.

मी काढलं. मावशीची कमेंटही त्याच्याबरोबर गेली. थोड्या वेळानं आक्काच्या फोनवर कुरुंदवाडहून निरोप आला.

"काढलंस कशाला. मी वाचलं."

मग दुसरा आला. "कोण असशील ती ये. न्हाय आलीस तर मी येतो बसनं राजारामपुरीला."

ऑपरेशन झालेली, ऐकू न येणारी बाई एकटी एस.टी.त बसणार होती. मी आक्काच्या मुलाला कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं, आणि काम देणाऱ्याचं ऐकायची मला सवय होती. कांदा-लसूण चटणीचा एक पुडा घेतला, निमित्ताला, आणि कुरुंदवाडची गाडी धरली. वाटेत उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत होत्या आणि मी दर वेळी गाडी थांबली की मनात म्हणत होते, बरं झालं, उशीर होतोय.

घर स्लॅबचं होतं, नवा रंग दिलेलं. बाजूला पत्र्याखाली दोन म्हशी. आत टीव्ही मोठ्यानं चालू. दार सुनेनं उघडलं.

"कोण पायजे?"

"राजारामपुरीहून आले. मावशींना चटणी पाठवलीय."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आमच्या दादांच्या दुकानातल्या काय? बरं बरं. या की पावणं, आत या." मग एकदम आवाज खाली घेऊन, सासूच्या खोलीकडे बघत म्हणाली, "आत्तीस्नी काय बोलू नगासा हं. मोठ्या आत्ती गेल्याचं म्हाईत न्हाय त्यास्नी. डाक्टरनं सांगितलंय."

"पण त्यांना ऐकू येत नाही ना?"

"येत न्हाय. तरीबी हळू बोलावं. कानाशी बोललं तर थोडं येतंय, आणि ओठांवरनंबी कळतंय त्यास्नी."

मावशी मागच्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. बारीक, गोरटेल्या, मांडीवर फोन. मला बघून त्यांनी तोंड उघडलं आणि मी दारातच थांबले.

"आलीस व्हय? आक्कानं चटणी दिलीया? बस."

तोच आवाज. माझ्या कानात इतके महिने बोलत होता तोच. तसाच ठसठशीत, शेवटाला तसाच वर जाणारा. दोघी बहिणींचा आवाज एक असू शकतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दाराची चौकट धरली.

त्या सुनेदेखत मोठमोठ्यानं दुबईचं विचारत राहिल्या. उकाडा फार का, नातू मराठी बोलतो का. मी मान हलवत राहिले. सुनेनं माझ्याकडे बघून डोळ्यांनीच शाबासकी दिली. मग दूध घालायची वेळ झाली आणि ती किटली घेऊन डेअरीकडे गेली. तिची पावलं मावशींना ऐकू येणं शक्य नव्हतं, पण ती फाटकाबाहेर पडली तशा त्या म्हणाल्या, "कडी घाल दाराला."

मी घातली.

"कवा गेली?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"दिवाळीच्या आधी का मागनं?"

"आधी."

"म्हंजे दिवाळीला न्हवतीच." त्या फोनच्या काळ्या काचेकडे बघत होत्या. "मी लिवल्यालं, करंज्या फुटल्या. तिनं लिवलं, मोहन कमी पडलं असंल."

"ते मी लिहिलं, मावशी."

"व्हय. बरूबर लिवलंस. मोहनच कमी हुतं."

त्यांनी छातीवर हात ठेवला, आणि मी घाबरून उठले. पण त्या फक्त पदर सारखा करत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं का?" मी कानात विचारलं.

"वांग्यापतुर न्हाय. माझी आक्का हाय म्हणूनच बोलत हुतो मी." मग त्या पलंगावरून उतरल्या. "बहीण गेल्याचं कळलं की डोक्यावरनं पाणी घेत्यात. मी रोज आंघूळ करतो, पर ती आंघूळ न्हवं. सुनंला सांगितलं तर ती डाक्टरला फोन लावंल, पोराला बोलवंल, आणि मला झोपवून ठेवत्याल. तू घाल पाणी."

"मी कोण, मावशी? आणि तुमची तब्येत..."

त्यांनी ऐकलं नाही. ऐकू आलं नाही की ऐकलं नाही, मला कळलं नाही. त्या न्हाणीत जाऊन दगडावर बसल्या होत्या, नेसत्या लुगड्यानिशी, पाठमोऱ्या. मी गीझर लावला. कोमट पाणी बादलीत घेतलं, कोपर बुडवून पाहिलं, लहान मुलाच्या आंघोळीला बघतात तसं. मला वाटलं, हे पाणी डोक्यावर पडेल आणि ही बाई इथंच कलंडेल, आणि आतून कडी माझ्या हातची असेल.

पहिला तांब्या घातला. त्यांचा श्वास अडकला. मी थांबले.

"थांबू नगंस."

दुसरा घातला. पाण्याखालून त्यांनी हाक मारली, "आक्का." एकदाच. हाक त्यांनी मारली, पण आवाज तोच होता, आणि त्या ओल्या बंद न्हाणीत मला क्षणभर नक्की सांगता येईना की कोण कुणाला हाक मारतंय. मी मागे वळून पाहिलं. दाराला कडी होती. मी पाणी घालत राहिले, बादली संपेपर्यंत.

त्यांना काही झालं नाही. खांदे हलत होते एवढंच. बऱ्याच वेळानं त्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं, उठल्या, माझा दंड धरला आणि मला त्या दगडाकडे ढकललं.

"आता तू बस."

"मी? माझं काय नातं..."

"नातं न्हाय, म्हाईत हाय. पर इतकं दिस ती तुझ्यातनं बोलत हुती. तशीच घरी जाऊ नगंस, पोरी. बस."

मी बसले. त्यांनी नळाचं पाणी घेतलं, गार, आणि माझ्या डोक्यावर तांब्या उपडा केला. मी ओरडले. ओरडताना माझ्या तोंडातून निघालं ते आमच्याकडचं होतं, "माय वो!" त्या मागे उभ्या राहून घालत गेल्या, एका हातानं माझे केस मोकळे करत. गावाहून निघाल्यापासून माझ्या डोक्यावर कुणी पाणी घातलं नव्हतं. मी तोंड झाकून रडत होते. कुणासाठी, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दार वाजलं ते मला ऐकू आलं, त्यांना नाही. मी ओल्या अंगानं जाऊन कडी काढली. सून रिकामी किटली घेऊन उभी. तिनं माझ्या केसांतून गळणारं पाणी पाहिलं, मग माझ्यामागे पाहिलं. मावशी भिंतीला धरून येत होत्या, लुगडं अंगाला चिकटलेलं. सुनेच्या हातातून किटली हळूच खाली टेकली.

"आत्ती," ती म्हणाली. नुसतं ओठांनी.

मावशींनी तिच्याकडे बघितलं आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात सांगितलं, "दादाला फोन लाव. म्हणावं, मावशीनं पाणी घेतलं. आता रडाय ये."